मरीमायच्या खोलीतला इंग्रजीचा वर्ग

गाडी नाल्यात उतरली तेव्हा पोरीने पाणी मागणं सोडलं. तोपर्यंत मी धीर धरून होते. मागते आहे म्हणजे जीव आहे, एवढंच मला कळत होतं. ती गप्प झाली आणि मला वाटलं, संपलं.

भर उन्हाची वेळ होती. गाडीवर तुराट्यांची ताटी आडवी बांधून तिच्यावर ओलं लुगडं टाकलं होतं. पोर नऊ वर्षांची, पण तोंड म्हातारीसारखं झालेलं. डोळे खोल गेलेले, बोटांची कातडी दिवसभर धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली. सकाळपासून तिच्या अंगातून तांदळाच्या धुवणासारखं पाणी जात होतं. आता तेही थांबलं होतं, कारण आत काही उरलं नव्हतं. तिचा बाप हिंगणघाटला गिरणीत होता आणि सरकारी दवाखानाही तिथेच, म्हणून आम्ही तिकडे निघालो होतो. पोरीच्या पायाशी माझी सासू बसली होती.

हैजा, म्हणजे पटकी, झालेल्याला पाणी द्यायचं नाही, असं तेव्हा सगळे मानत. दिलं की जास्त जातं म्हणत. मी उकळून गार केलेलं पाणी तांब्यात घेतलं होतं आणि घोट घोट देत होते. सासू ते बघत होती आणि तोंडाने सारखं काहीतरी पुटपुटत होती. पोर गप्प व्हायच्या आधी इंग्रजीतलं एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती. सासूला वाटलं, देवी अंगात आली.

"पाह्य, मरीमाय बोलून राह्यली. हे काय आपल्या पोरीचं बोलणं होय?"

"मास्तरचं इंग्रजी हाय ते, माय. पाणी मांगून राह्यली."

"मंग मराठीत मांगाव ना," सासू म्हणाली.

मला हसू आलं नाही आणि रडूही आलं नाही. मी गाडीवाल्याला म्हटलं, बैल मार. त्याने मारले.

हे सगळं एका खोलीवरून झालं. ती खोली आधी सांगायला पाहिजे.

आमच्या वस्तीच्या कडेला मरीमायची खोली होती. मातीच्या भिंती, वर कवेलूंचं छप्पर, आत एक ओटा आणि ओट्यावर शेंदूर फासलेले दगड. हैजा आला की लोक तिथे कोंबडं कापत. धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर वस्तीतल्या माणसांनी घराघरातले देव नदीत सोडले आणि हे दगडही उचलून डोहात टाकले. माझ्या सासूने दीक्षा घेतली होती, पण दगड उचलले त्या दिवशी ती जेवली नाही. नंतर खोली रिकामीच पडली होती. कोणी म्हणे तिथे सभा घ्यावी, कोणी म्हणे कडबा भरावा.

माझ्या नवऱ्याचा एक चुलत भाऊ नागपूरला गिरणीत होता. तिथली नोकरी गेली म्हणून तो गावी आला. मॅट्रिकला नापास झालेला, तोही इंग्रजीतच. लोक त्याला मास्तर म्हणायला लागले ते आधी चिडवायला. त्याने ठरवलं, या खोलीत पोरांना इंग्रजी शिकवायचं. चौथीनंतर मिडलच्या शाळेत इंग्रजी लागायचं. आमची पोरं तिथे एक वर्ष टिकत आणि इंग्रजीत नापास होऊन शेतात परत येत. गावच्या शाळेत ती दाराजवळ बसत. तसा नियम कोणी लिहिलेला नव्हता, पण ती तिथेच बसत आणि तिथून फळ्यावरचं अर्धं दिसत नसे.

नापास झालेला माणूस काय शिकवणार, असं कोणीतरी तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "मी कुठं पडलो ते मले माहीत हाय. पोराइले तिथं पडू देत नाई."

मी चौथी पास होते. वस्तीत तेवढं शिकलेली बाई मी एकटीच, म्हणून तो माझ्याकडे आला. वहिनी, तुम्ही खोली सांभाळा, मी शिकवतो, म्हणाला. मी दिवसभर लोकांच्या वावरात असायची. उन्हाळ्यात कापसाच्या पऱ्हाट्या उपटायचं काम, हात सोलून निघायचे. नाही म्हणायला पाहिजे होतं, पण माझी पोर चौथीत जाणार होती. ती मिडलला जावी एवढी एकच गोष्ट मला हवी होती. मी हो म्हटलं. वर्ग सकाळी लवकर भरायचा आणि मग मी कामावर जायची.

आता कोणी विचारलं की इंग्रजीचा वर्ग कसा लावला, तर मला त्यातलं काम आठवतं. एका भिंतीला वर खिडकी पाडली, कारण आत अंधार होता. ज्यांना अक्षर नवीन आहे त्यांना उजेड जास्त लागतो, असं मास्तरचं म्हणणं. जुन्या दाराची फळी काढून मी तिला काजळी आणि डिंक लावून काळी केली. दोनदा पोपडे निघाले, तिसऱ्यांदा जमलं. खाली बारदान टाकलं. मास्तरने जमिनीवर चुन्याने रेघा मारल्या आणि सांगितलं, इथे कोणाची जागा ठरलेली राहणार नाही. ज्याला काहीच येत नाही तो पुढे, त्याच्या शेजारी ज्याला थोडं येतं तो. आठवडा झाला की जागा बदल. पोरींना मागे बसवायचं नाही. नवीन पोराला पहिले काही दिवस बोलायला लावायचं नाही, त्याने नुसतं ऐकायचं. दुसऱ्याच्या बोलण्याला जो हसेल त्याने त्या दिवशी झाडू मारायचा. छडी नव्हती. मला वाटायचं छडी पाहिजे, कारण झाडू मारायला कोणी तयारच होत नसे आणि शेवटी तो माझ्याच हातात यायचा.

भिंतीवर गेरूने नावं लिहिली. दाराजवळ दाराचं, खिडकीजवळ खिडकीचं, माठाजवळ माठाचं. वर मास्तर इंग्रजीत लिही आणि खाली मी त्याचा आवाज मराठीत लिही. डोअर, विंडो, वॉल, पॉट. असं केलं की पोराला घरी कोणी सांगणारं नसलं तरी भिंत सांगते, असं तो म्हणे. ते खरं होतं. माझी पोर त्या भिंतीवरूनच अर्धं शिकली.

माठ ओट्यावर ठेवला होता. जिथे दगड होते तिथेच. ती मास्तरची जिद्द होती आणि सासूला ते दिसलं की ती तोंड फिरवायची.

पाण्याचा नियम सांगते, कारण सगळं त्यावरच आलं. आमच्या आधीच्या माणसांनी जन्मभर ओंजळ धरून पाणी प्यायलं. गावात कोणाच्या दारात तहान लागली तर ते लोक वरून पाणी घालत आणि खाली आमचे हात. मी स्वतः तसं प्यायले आहे. कोपरापासून लुगडं भिजतं आणि तहान भागत नाही. मास्तरने ठरवलं, या खोलीत कोणी कोणाला वरून पाणी घालणार नाही. माठ एक, गिलास एक. ज्याला तहान लागली त्याने उठायचं, ओट्याजवळ जायचं, इंग्रजीत सांगायचं आणि आपल्या हाताने माठात गिलास बुडवून प्यायचं.

वाक्यही त्याने तसंच निवडलं. पाणी द्या, असं नव्हतं. 'आय वॉन्ट टु ड्रिंक वॉटर.' मला पाणी प्यायचं आहे, एवढंच सांगायचं. मी विचारलं, हे कोणाला सांगायचं? तो म्हणाला, कोणालाच नाही, सांगायचं आणि घ्यायचं.

पोरांना पहिलं पूर्ण वाक्य आलं ते हेच. त्यांना ते म्हणायची इतकी हौस की तहान नसली तरी उठत. लाजरी पोरंसुद्धा उठायला लागली. म्हणायचं, गिलास बुडवायचा, दोन घोट घ्यायचे, उरलेलं परत माठात. मी ओरडायची, कारण माठ भरायला मलाच जावं लागे. मास्तर म्हणायचा, वहिनी, ओरडू नका, पोरं बोलून राह्यली. गिलासाबरोबर बोटं बुडत होती ते मलाही दिसत होतं. त्यात काही वाईट आहे असं आम्हा कोणालाच वाटलं नाही. आमच्या हातांनी पाणी बाटतं हे ऐकून ऐकून आम्ही कंटाळलो होतो. हात धुऊन घ्या म्हटलं असतं तरी मास्तर भडकला असता.

नदीकाठी भाजीचे वाफे करणाऱ्या माळ्याचा पोरगाही वर्गात येत होता. त्याच्या बापाने गुपचूप पाठवला होता. गावात दुसरीकडे इंग्रजी शिकवणारं कोणी नव्हतं. तो घरून पितळेचा लोटा आणायचा. मास्तरने त्याला सांगितलं, इथे बसायचं तर इथलं पाणी प्यायचं. तो प्यायला. पोराला काय, त्यालाही वाक्य म्हणायचं होतं. ते त्याच्या आईला कळलं. ती वांग्याची टोपली डोक्यावर तशीच ठेवून दारात उभी राहिली, आत आली नाही.

"आमचा पोरगा अक्षरं शिकाले आला, पाणी प्याले नाई."

"अक्षरं आन पाणी एकाच खोलीत हाय, बाई," मास्तर म्हणाला.

"मंग तुमीच व्हा साहेब," ती म्हणाली आणि पोराला दंडाला धरून घेऊन गेली. तो परत आला नाही.

त्या उन्हाळ्यात वस्तीची विहीर तळाला गेली. खाली नुसता गाळ. मग आम्ही बाया नदीच्या वाळूत झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरायला लागलो. वरच्या बाजूला गुरं बसत, धुणं होई, आणखीही सगळं होई. झिऱ्याचं पाणी दिसायला स्वच्छ असतं. तेच मी वर्गाच्या माठात टाकत होते.

गुरं राखणाऱ्याचा एक पोरगा होता. वर्गात सगळ्यात उशिरा बोलायला लागलेला. तो बापाबरोबर एका लग्नाला बाहेरगावी गेला. त्या गावात हैजा होता, पण लग्न मोडायचं कोणी? परत आल्यावर दुसऱ्या सकाळी वर्गात आला. उठला, वाक्य म्हणाला, प्यायला. थोड्या वेळाने पुन्हा उठला, पुन्हा म्हणाला. मास्तर खूश झाला, पोरगा आज बोलतो आहे. तो मधे मधे बाहेर जात होता आणि येऊन पुन्हा पीत होता. वर्ग सुटायच्या आधी तो खोलीच्या मागे पडला. दिवस मावळायच्या आत गेला.

त्याला पुरून आले तोवर दुसऱ्या दोन घरांत सुरू झालं होतं. दोन्ही वर्गातली पोरं. तिसरी माझी.

वस्तीतली म्हातारी माणसं खोलीसमोर जमली. दगड परत आणा, म्हणत होती. डोहात पाणी कमी होतं, दगड वर दिसत होते, आणायला काही अवघड नव्हतं. मास्तर दारात आडवा बसला. मी मेलो तरी दगड आत येणार नाहीत, म्हणाला. कोणीतरी म्हणालं, तू मरत नाहीस ना, पोरं मरतात. तो उठला नाही. त्या गडबडीत माझ्या सासूने कुठून तरी शेंदूर आणला आणि मागच्या बाजूने भिंतीला बोट लावलं. मी बघितलं आणि तशीच पुढे गेले. मला गाडी मिळवायची होती. देवीने काही केलं असं मला वाटत नव्हतं आणि मास्तरच्या बसण्याने काही होईल असंही वाटत नव्हतं.

दवाखान्यात पोर घेतली. डॉक्टरने तिचा हात उचलून सोडला, तो लाकडासारखा पडला. शीर सापडत नव्हती. पायाला चिरून सुई घातली आणि बाटली लावली. एक संपली की दुसरी. दुसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, पण लघवी होत नव्हती. डॉक्टरने मला सरळ सांगितलं, लघवी झाली तर पोर तुमची, नाही झाली तर नाही. तो चांगला माणूस होता, उगाच गोड बोलला नाही. तिचा बाप पाळी संपली की येऊन उभा राही आणि जाई. मी आणि सासू तिथेच. सासूच तिचं सगळं काढत होती. कपडे तीच बाहेरच्या हौदावर धुवायची. मला म्हणायची, "तू बस, तुले चक्कर येऊन राह्यली." देवीचं नाव तिने दवाखान्यात एकदाही काढलं नाही.

असे काही दिवस गेले आणि आमच्याकडे खायला काही उरलं नाही. ज्वारीचं पीठ आणि एक लुगडं आणायला मी गावी आले. सासू पोरीजवळ थांबली.

येताना मनात एकच होतं, लघवी. माणसाला काय काय मागावं लागतं. रस्त्याने चालताना मी तेवढंच मागत होते, कोणाकडे ते माहीत नाही.

वस्तीत सरकारी आरोग्य खात्याची माणसं येऊन गेली होती. विहिरीच्या गाळात आणि झिऱ्यांत लाल दवा टाकली होती, सगळ्यांना सुया टोचल्या होत्या. खोलीतलं बारदान जाळलं होतं. भिंतींना आतून बाहेरून चुना मारला होता, त्यामुळे गेरूने लिहिलेली सगळी नावं चुन्याखाली गेली. सासूचं शेंदराचं बोटही गेलं. माठ फोडला होता. वर्गातल्या आजारी पोरांपैकी आणखी एक गेलं होतं, कोतवालाची मुलगी.

आणि मास्तरने वर्ग भरवला होता. चुना अजून पुरता वाळला नव्हता. चार-पाच पोरं उघड्या जमिनीवर बसली होती. मला राग आला. तो म्हणाला, खोली बंद राहिली तर उद्या दगड येतील. तेही खरं होतं.

नवा माठ ओट्यावर होता, झाकण लावलेलं. आरोग्य खात्याच्या माणसाने सांगितलं होतं, पाणी उकळून भरा, माठात कोणी हात किंवा गिलास बुडवायचा नाही, एकाने लांब दांड्याच्या ओगराळ्याने काढायचं आणि बाकीच्यांनी ओंजळीत घ्यायचं. ओगराळं माठाला टांगून तो गेला होता. मास्तरने ते वापरलं नव्हतं. पोरं सकाळपासून तहानलेली होती आणि कोणी उठत नव्हतं. तो त्यांना पाणी प्या म्हणत नव्हता आणि नका पिऊ असंही म्हणत नव्हता.

मी म्हटलं, "भाऊजी, पोरं वाळून राह्यली."

"वरून नाई घालणार मी," तो म्हणाला. "ज्याचं त्यानं ओगराळं घ्यावं."

"पाच पोरं, पाच हात. एकाचा आतमधी बुडला का मंग?"

"वहिनी, मले हे सांगू नका. माझ्या बापानं..."

"तुमच्या बापाले मी पाह्यलं हाय. माह्या बापालेही पाह्यलं हाय."

मी हात धुतले, ओगराळं घेतलं आणि ओट्याजवळ उभी राहिले. पोरांकडे बघून म्हटलं, या. पहिला एक आला. त्याने ओंजळ धरली नाही, आधी वाक्य म्हणाला, पूर्ण, न चुकता. मग माझ्याकडे बघत उभा राहिला, कारण पुढे काय करायचं त्याला माहीत नव्हतं. या खोलीत त्याने ओंजळ कधी धरली नव्हती. मी त्याला म्हटलं, दोन्ही हात जुळवून खाली धर. त्याने धरले. मी वरून पाणी घातलं. तो प्यायला. मग दुसरी आली, तीही आधी वाक्य म्हणाली.

मास्तर फळ्याकडे तोंड करून उभा होता. खडू हातात होता, पण लिहीत नव्हता. शेवटचं पोर पिऊन झालं तेव्हा त्याने मला विचारलं, रोज येणार का पाणी घालायला? मी म्हटलं, पोर जगली तर येईन. तो म्हणाला, आणि नाही तर? मी म्हटलं, तरी यावंच लागेल, दुसरं कोण आहे.

मग मी भिंतीजवळ थोडी बसले. एका पोराने विचारलं, भिंतीवरची नावं पुन्हा कधी लिहायची? मी म्हटलं, मास्तरला विचार. पीठ आणि लुगडं घेऊन मी निघाले.

दवाखान्यात पोहोचले तेव्हा पोर उठून बसली होती. तिच्या बापाने दारातच सांगितलं, सकाळी लघवी झाली. मी आत गेले. शेजारच्या खाटेवर सासू होती. पायाला सुई, वर बाटली, डोळे खोल. मी गेले त्याच रात्री तिला सुरू झालं होतं. मी तिचा हात धरला. तिने ओळखलं. "पोरगी मुतली," ती मला म्हणाली. पहाटे गेली.

त्या उन्हाळ्यात आमच्या वर्गातली चार पोरं हैज्याने पडली. गुराख्याचा पोरगा आणि कोतवालाची मुलगी गेली, दोन राहिली. माळ्याच्या पोराला काही झालं नाही. मास्तर जगला. मी जगले. पोर जगली.